गाडीभोवती एक चक्कर

मुलुंड पूर्वेला ज्या बायका आज स्वतःची गाडी स्वतः चालवतात, त्यांतल्या निम्म्या तरी मीरा इंगोलेच्या हाताखालून गेलेल्या. बापेही काही कमी नव्हते. छपरावर ‘प्रगती मोटार ट्रेनिंग स्कूल’ अशी पाटी असलेली छोटी पांढरी गाडी, उजवीकडे घामाघूम झालेला शिकाऊ आणि डावीकडे खिडकीत कोपर टेकून बसलेल्या मीरामॅडम, हे दृश्य त्या भागात सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेलं. डाव्या बाजूला मॅडमच्या पायाशी एक जादा ब्रेक असायचा. शिकाऊ गोंधळला की गाडी थांबायची ती मॅडमच्या पायानं. साऱ्या उमेदीच्या वर्षांत त्या बाईचा पाय दुसऱ्याच्या वेगाला आवर घालत राहिला.

आणि तिचा एक नियम होता. गाडीत बसायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारायची. चाकात हवा आहे का, खाली कुत्रं झोपलंय का, काही गळतंय का, सगळं बघायचं, वास घ्यायचा, मगच दाराला हात लावायचा. शिकाऊ या नियमाला प्रदक्षिणा म्हणून हसायचे. मीरा म्हणायची, “गाडी पुढून हसते आणि मागून रडते. दोन्हीकडून बघितल्याशिवाय तिचं काय चाललंय ते कळत नाही.”

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिनं शाळा बंद केली आणि पांढरी गाडी एका जुन्या शिष्येला देऊन टाकली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी पुण्यात सुखात होती. करायचं राहिलेलं एकच काम तिच्या मनात होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. एक जबरदस्त ताकदीची गाडी स्वतः चालवायची. उजवीकडे बसून. आवरायची नाही, पळवायची.

असल्या गाड्या आपल्यासाठी नसतात हे तिलाही माहीत होतं. पण नशीब कधी कधी फोन करून बोलावतं.

फोन होता विद्याधर सबनीसांचा. हे घाटकोपरचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. पन्नाशीला आल्यावर मीराकडे गाडी शिकले होते आणि तेव्हापासून तिला देवासारखे घाबरत. त्यांचा मुलगा अनय यानं नोकरीच्या पहिल्या भरभराटीत एक काळी जर्मन गाडी घेतली होती. चार दारांची, वरून सभ्य, पण आत शर्यतीच्या गाडीला लाजवील असं इंजिन. मग अनय कॅनडाला गेला आणि गाडी बापाच्या गळ्यात पडली. तिला एक विचित्र रोग होता. मधेच समोरचे सगळे दिवे पेटायचे आणि इंजिन मेल्यासारखं व्हायचं. आठवडाभर उभी राहिली की आपोआप बरी व्हायची, मग परत तेच. मोठ्या वर्कशॉपनं एकदा तिचा कॉम्प्युटर बदलून दिला. रोग गेला नाही. दुसऱ्यांदा त्यांनी जो खर्च सांगितला तो ऐकून सबनीस खुर्चीत बसले ते चहा आल्यावरच उठले.

“मॅडम,” ते फोनवर म्हणाले, “तुमच्या ओळखीत कुणी आहे का हो? कुर्ल्याचा भंगारवाला येऊन गेलाय. त्याच्यापेक्षा थोडं जास्त दिलं तरी मी गाडी देऊन टाकतो.”

“आहे ना.”

“कोण?”

“मी.”

“मॅडम, चेष्टा करू नका. हा पांढरा हत्ती आहे.”

“तुम्हीच तर काळी आहे म्हणालात,” मीरा म्हणाली. “उद्या येते बघायला.”

नव्या स्कूटरला पडतात तेवढ्या पैशांत सौदा झाला. आवारात, उघड्यावर ती गाडी उभी होती. धूळ चढली होती, दिव्यांच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या, तरी अंगावर राणीपण होतं. मीरानं बॉनेटवर तळहात ठेवला आणि तिला एकदम पोरीबाळीसारखं झालं. इतकं, की दार उघडून ती सरळ आत बसली. आत चामड्याच्या सीटला कोंदट, बुरशीचा वास होता. तोही तिला गोड लागला.

वायपरच्या बुडाशी दसऱ्याच्या झेंडूच्या माळेचा वाळका तुकडा अडकला होता. सबनीसांच्या पत्नी सुनंदाताई खाली आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मीराताई, ती माळ ओढून काढू नका हं. आमच्याकडे अशी पद्धत आहे, गाडीची माळ आपण होऊन गळेपर्यंत काढायची नाही. दर दसऱ्याला घालते मी. भाताच्या लोंब्या घातलेली, खास बनवून घेते.”

मीराच्या घरी दसऱ्याला विहारात जायचं असायचं, गाडीला माळ घालायची पद्धत नव्हती. पण दुसऱ्याच्या पद्धतीत तोंड घालायची सवय तिला नव्हती. ती म्हणाली, “राहू दे. गळेल तेव्हा गळेल.”

टो करून गाडी कांजूरमार्गला नंदूच्या गॅरेजमध्ये गेली. नंदूनं मीराच्या पांढऱ्या गाडीचा क्लच इतक्या वेळा बदलला होता की तो तिला ताई म्हणायचा आणि ती त्याला शिव्या द्यायची. त्यानं कमरेवर हात ठेवून काळ्या गाडीकडे पाहिलं.

“ताई, काय केलंस हे? लोक म्हातारपणी काशीला जातात.”

“तू जा. आधी हिला बघ.”

“वाट लागेल गं. माझी पण आणि तुझी पण.”

पण हात लावल्यावर त्यालाही नाद लागला. असल्या गाडीत, समोरच्या काचेच्या खाली, इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात एक बंद डबा असतो. गाडीची सगळी अक्कल त्या डब्यात. नंदूनं तो उघडला तर आत ओल होती आणि पितळी पिना हिरव्या पडल्या होत्या. “कुणीतरी पाइप लावून इंजिन धुतलंय,” तो म्हणाला. त्यानं पिना घासल्या, डबा वाळवला, परत बसवला. किल्ली फिरवली. गाडी घसा साफ केल्यासारखी खाकरली आणि मग असं काही खर्जात गुरगुरू लागली की शेजारच्या पंक्चरवाल्यानं मान वर करून बघितलं.

मग बाकीचं सुरू झालं. टायर नवेच हवेत, तिथं कंजूषी नाही, असं मीरानं बजावलं. ब्रेकसुद्धा नवे. पिवळ्या काचा घासघासून नंदूनं लख्ख केल्या. सीटच्या चामड्याला तेल चोळायचं काम मीरानं स्वतःकडे घेतलं. आतला गालिचा काढून तिनं आपल्या सोसायटीच्या गच्चीवर उन्हात टाकला, तर तिथं बायकांनी पापड वाळत घातले होते. पापडांना गाडीचा वास लागला म्हणून दोन मजले तिच्याशी बोलेनात. मीरा म्हणाली, “जर्मन पापड म्हणून विका.” एक मजला बोलायला लागला.

सोसायटीचा सेक्रेटरी केतन मात्र हसण्यावारी नेणारा नव्हता. चाळिशीचा, नीटनेटका, शर्टाच्या खिशाला नेहमी पेन. त्यानं जिन्यात मीराला गाठलं.

“मावशी, एक बोलायचं होतं. बंद गाडी आवारात उभी करायची नाही असा ठराव आहे, तुम्हाला माहीतच आहे.”

“बंद कुठं? चालू झाली की.”

“झाली तर आनंदच आहे. पण खालच्या मजल्यावरचे म्हणतात, मावशी भंगार आणताहेत. रविवारी सभा आहे. त्या दिवशी गाडी स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर जाऊन परत आली, तर जागा तुमची. नाही तर मला टोवाल्याला बोलवावं लागेल. मग ती जाईल कुर्ल्याला. वाईट वाटून घेऊ नका.”

“वाईट कशाला वाटून घेऊ? तू गेटवर उभा राहा. बघायला मिळेल तुला.”

बुधवारी नंदू गाडी घेऊन आला. गॅरेजवरून निघताना गंमत झाली. किल्ली मीरानं हातात घेतली, गाडीकडे गेली आणि सवयीनं डावं दार उघडून बसली. नंदू बाहेरच उभा.

“ताई, चालवणार कोण? मी की भूत?”

मीरानं आपल्या पायाशी पाहिलं. तिथं ब्रेक नव्हता. ती जरा ओशाळली आणि म्हणाली, “आज तूच चालव. मी चालवीन ती धुऊनपुसून, नवरीसारखी सजवून. रविवारी. सबनीसांना पण बोलावलंय.”

गुरुवारी संध्याकाळी तिनं दोन बादल्या आणि फडकं घेऊन गाडी धुतली. छपरापासून चाकापर्यंत. काचेवर तांब्या तांब्या पाणी सोडलं. गाडी अशी चमकली की समोरच्या इमारतीतली पोरं गॅलरीत येऊन फोटो काढू लागली.

शुक्रवारी सकाळी किल्ली फिरवली, तर सगळे दिवे पेटले आणि इंजिन मेलं.

परत फिरवली. तेच. तिसऱ्यांदा दिवेही लागले नाहीत.

केतन ऑफिसला निघाला होता. नुसता घड्याळाकडे बघत गेला, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. मीरा घरी आली, पाणी प्यायली आणि खिडकीशी बसली. आयुष्यभर भल्याभल्यांना तिनं सांगितलं होतं की गाडीला घाबरू नका, गाडी माणसासारखीच असते. आज तिला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला हाव सुटली होती. सबनीसांसारख्या शिकल्यासवरल्या माणसानं, एवढ्या मोठ्या वर्कशॉपनं हात टेकले, आणि आपण निघालो स्वतःची हौस करायला.

तिनं सबनीसांना फोन लावला. “रविवारी येऊ नका. तुमचा हत्ती बसला.”

सबनीस हळहळले. मग चाचरत म्हणाले, “मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचारा.”

“चक्कर मारलीत का?”

मीराचं डोकंच फिरलं. “सबनीस, मला शिकवता? मी शिकवलंय तुम्हाला.”

“तेच तर म्हणतोय. आठवतं का, एकदा मी चक्कर न मारता गाडी काढली होती आणि मागच्या चाकाशी विटा होत्या? तुम्ही मला आख्ख्या रस्त्यासमोर झापलं होतं. अजून मी लिफ्टमध्ये शिरताना पण आधी आजूबाजूला बघतो.”

तिनं फोन ठेवला. रागानं ठेवला. पण राग ओसरला तसं तिच्या लक्षात आलं. घाटकोपरला पहिल्याच दिवशी ती सरळ दार उघडून आत बसली होती. गॅरेजमध्ये सीट, गालिचा, दिवे, सगळं बघितलं ते तुकड्या-तुकड्यानं. काल धुतली तीसुद्धा भराभरा, कौतुक ऐकत. आख्खी चक्कर एकदाही नाही. ज्या एका नियमावर तिनं शाळा चालवली, तो तिनं स्वतःच्या गाडीला लावला नव्हता. माणूस प्रेमात पडला की चौकशी करत नाही, दुसरं काय.

ती खाली गेली. उन्ह चढलं होतं. मागच्या उजव्या चाकापासून तिनं सुरुवात केली. सावकाश, हात मागे बांधून, नाकानं वास घेत. चाकं ठीक. खाली तेल नाही. पाणी नाही.

ती थांबली. पाणी नाही. काल काचेवर एवढं पाणी ओतलं. काचेखालच्या काळ्या जाळीतून ते आत गेलं होतं, तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. असं पाणी पुढच्या चाकामागून खाली पडायला हवं, तिथं लादीवर ओघळ वाळलेला दिसायला हवा. बाजूला धुतल्याचे डाग होते, पण चाकामागची लादी कोरडी ठणठणीत, धूळ जशीच्या तशी. मग पाणी गेलं कुठं?

ती काचेपाशी आली आणि वाकली. जाळीच्या फटीतून एक इवलंसं पान डोकावत होतं. फिकट, पिवळट हिरवं, कातरलेल्या कडांचं. तिनं ते चिमटीत धरून चुरगळलं आणि नाकाशी नेलं.

झेंडू.

मीरा एकटीच मोठ्यानं हसली. वॉचमननं खुर्चीतून उठून बघितलं, मावशींना काय झालं म्हणून.

नंदू दुपारी आला तो कुरकुरतच. पण त्यानं जाळीचे स्क्रू काढून ती उचलली, आणि दोघंही बघत राहिले. काचेखाली पन्हाळीसारखी एक लांबट खोबण असते, तिच्यात चक्क शेत उगवलं होतं. वर्षानुवर्षांच्या दसऱ्याच्या माळा चुरा होऊन आत गळल्या होत्या. पाकळ्यांचं काळं खत झालं होतं, त्यात माळेचे दोरे, आंब्याची पानं, आणि त्यावर झेंडूची दाटीवाटीची रोपं, उजेडाकडे माना ताणून उभी. मधेमधे भाताची कोवळी पातीसुद्धा. लोंब्यांतलं भात रुजलं होतं. पाणी जायचं भोक या सगळ्याखाली लिंपल्यासारखं बंद झालेलं. कालचं पाणी तिथंच तुंबलं होतं, आणि अकलेचा डबा त्या पाण्यात बुडी मारून बसला होता.

“आयला,” नंदू म्हणाला. “डबा उघडला तेव्हा मी बाजूनं हात घातला, गं. वरून बघितलंच नाही.”

“मी तरी कुठं बघितलं? आणि त्या वर्कशॉपवाल्यांनी नवीन डबा आणून तळ्यातच ठेवला.”

म्हणजे सबनीसांकडे अधूनमधून गाडी धुवायला येणारा माणूस काचेवर पाणी मारायचा आणि गाडी आजारी पडायची. उन्हात उभी राहिली की पाणी आटायचं आणि बरी व्हायची. एवढंच ते दुखणं.

मीरानं घरातून पळी आणली, जुना टूथब्रश आणला. रोपं तिनं मुळांसकट अलगद काढून एका रिकाम्या तेलाच्या डब्यात ठेवली. नंदूनं तार घालून भोक मोकळं केलं आणि मग बाटलीनं पाणी ओतलं. चाकामागून पाण्याची धार लादीवर पडली. खळखळ, मोकळी, सरळ. मीरानं आणखी एक बाटली ओतायला लावली. गरज नव्हती. तिला तो आवाज ऐकायचा होता.

“आता हा डबा कसा वाळवायचा?” नंदू म्हणाला. “मोबाइल ओला झाला की लोक तांदळात ठेवतात. ठेवू?”

“तांदळानंच वाट लागली बाबा हिची. माझा केस वाळवायचा ड्रायर आणते.”

रविवारी सकाळी सभेला जमलेली मंडळी खुर्च्या सोडून गेटापाशी आली होती. केतन खिशाला पेन लावून उभा. सबनीस पतिपत्नी घाटकोपरहून रिक्षानं आले. नंदूही आला, इस्त्रीचा शर्ट घालून, त्यामुळे आधी कुणी त्याला ओळखलंच नाही.

सुनंदाताईंना मीरानं फोनवर सगळं सांगितलं होतं. त्या ओशाळवाण्या होऊन म्हणाल्या, “मीच मारत होते म्हणायची बिचारीला. दर वर्षी, भक्तिभावानं.”

“मारलं कुठं?” मीरा म्हणाली. “तुम्ही तिच्यात शेती केलीत. या शहरात कुणाला जमतं?” आणि तिनं घराच्या खिडकीतला तेलाचा डबा दाखवला. रोपं ताठ झाली होती. “निम्मी तुमची. दसऱ्याला घरचा झेंडू.”

तरीही सुनंदाताईंच्या पिशवीत माळ होतीच. सवय जाते थोडीच. त्या बॉनेटकडे वळल्या तशी मीरा आडवी आली. “गाडीला नको. तिला सोसत नाही.”

“मग आणलेली माळ घालू कुणाला?”

“चालवणारीला घाला की,” नंदू मागून म्हणाला.

मीरा नको नको म्हणेपर्यंत माळ तिच्या गळ्यात पडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या मजल्यानं बोलणं टाकलं होतं त्यानंही वाजवल्या.

मग तिनं सगळ्यांना थांबवलं आणि गाडीभोवती चक्कर मारली. माळेसकट, सावकाश, प्रत्येक चाकाशी वाकून. कुणी हसलं नाही. पांढऱ्या गाडीतली तिची जुनी उशी तिनं उजव्या सीटवर ठेवली, वर बसली, आरसे नीट केले. डावीकडे सबनीस. मागे सुनंदाताई.

किल्ली फिरली. खर्जातली गुरगुर आवारभर पसरली आणि खालच्या मजल्यावरच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. एकही नको असलेला दिवा पेटला नाही. मीरानं गियर टाकला आणि काळी राणी केतनच्या बुटाशेजारून, गेटबाहेर, रस्त्यावर गेली.

हायवेला लागेपर्यंत ती जपून होती. हायवे रविवारचा, मोकळा. तिनं पाय दाबला. आयुष्यभर ज्या पायानं फक्त थांबवलं होतं, त्या पायाखालून गाडी अशी उसळली की पाठ सीटला चिकटली आणि गळ्यातली माळ खांद्यावर गेली. नियमातली बाई ती, रस्त्याच्या पाटीवर जेवढा वेग लिहिला होता त्याच्यावर एक काटाही गेली नाही. पण तिथंवर पोचायला तिला एक श्वास लागला. तो श्वास तिनं पुरा घेतला. कांजूरमार्ग आलं, गेलं. विक्रोळी दिसेपर्यंत मागे पडली. घाटकोपरचा पूल आला तेव्हा सुनंदाताई मागून म्हणाल्या, “अहो, आपलं घर गेलं ना हे?”

सबनीसांचा उजवा पाय समोरच्या गालिच्यावर गच्च दाबलेला होता.

“तिकडं ब्रेक नाही सबनीस,” मीरा म्हणाली.

“माहीत आहे हो. पायाला सांगा.”

ती हसली आणि पुढची सिग्नलची रांग येईपर्यंत हसत राहिली.

परत आली तेव्हा सभा सुरूच झाली नव्हती. सगळे गेटवरच होते. मीरानं गाडी एका दमात, मागे न बघता, आरशावर आपल्या जागेत लावली आणि उतरली. काचेशी वाकली तशी माळेतली एक पाकळी जाळीवर पडली. ती उचलून तिनं पदराला बांधली.

केतन जवळ आला. बॉनेटच्या उबेवर त्यानं हात धरला. “मावशी, जागा तुमची. मिनिट्समध्ये लिहून टाकतो.” मग इकडे तिकडे बघून आवाज बारीक केला. “विकणार असाल कधी, तर आधी मला सांगा.”

“विकायची नाही.”

“बरं, मग एक फेरी तरी?”

मीरानं किल्ली बोटावर फिरवली आणि त्याच्याकडे, त्याच्या पेनाकडे, कडक इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं.

“आधी चक्कर मार,” ती म्हणाली.

आणि सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्या सभासदांच्या देखत, हात मागे बांधून गाडीभोवती निघाला.

“सावकाश,” मीरा म्हणाली. “चाकाशी वाकून.”